सहलीचा बेत कोणाचा?

सहामाही परीक्षा संपते, दिवाळीची सुट्टी जवळ येते आणि घरोघरी एकच विषय निघतो : यंदा कोठे जायचे? वडील रजेचा हिशेब करू लागतात. आई फराळाचे कोणते डबे बरोबर न्यावेत याचा विचार करते. आजी एखाद्या तीर्थक्षेत्राचे नाव सुचविते. घरात सहा-सात वर्षांचे मूल असले तर ते निघण्याच्या आठ दिवस आधीच आपली पिशवी भरून बसते. या सगळ्या उत्साहात एकच व्यक्ती गप्प असते. तिचे वय अकरा ते पंधरा यांच्या दरम्यान असते. कोणी विचारलेच, तर मान वर न करता ती म्हणते, “तुम्ही जा. मला यायचे नाही.”

हे उत्तर ऐकून वडीलधाऱ्यांना वाईट वाटते. काल-परवापर्यंत बोट धरून चालणारे, गाडीच्या खिडकीसाठी भांडणारे मूल आज यायलाच नको म्हणते, याचा उलगडा त्यांना होत नाही. मग कोणी रागावतो, कोणी लालूच दाखवितो, तर कोणी “आजकालच्या मुलांना कशाची हौसच राहिली नाही, हाती मोबाइल असला की झाले,” असा निकाल देऊन मोकळा होतो. देशाटनाने मनुष्य शहाणा होतो असे सर्वच सांगतात. परंतु जो उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायलाच तयार नाही, त्याला सोबत कसे न्यावे, हे मात्र कोणी सांगत नाही.

खरे पाहता, अशा मुलाला हौस नसते असे म्हणणे बरोबर नाही. हाच मुलगा मित्रांबरोबर सायकलवरून गावाबाहेरच्या टेकडीवर जातो, घामाने भिजून परत येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायला तयार असतो. हीच मुलगी शाळेच्या सहलीच्या दिवशी कोणी न उठविता पहाटे चारला उठते. मग त्यांना कंटाळा येतो तो कशाचा?

‘कंटाळा’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. त्याच्या पोटात अनेक कारणे लपून बसतात. एखाद्याला घाटात गाडी लागते. उलटी झाली तर सर्वांसमोर शोभा होईल या भीतीने तो “कंटाळा आला” म्हणतो. एखादीला सुट्टीतच मैत्रिणींशी निवांत बोलायला मिळणार असते. एखाद्याला वाटते की, नातेवाइकांच्या घरी गेल्यावर पुन्हा कोणी तरी परीक्षेचे गुण विचारणार आणि चुलतभावाशी तुलना करणार. ही कारणे मोठ्यांना क्षुल्लक वाटतात. पण ज्याच्या पायात काटा रुतलेला असतो, त्याला तो क्षुल्लक वाटत नाही. म्हणून “का येत नाहीस?” असे दरडावून विचारण्याऐवजी “काय झाले म्हणजे तुला यावेसे वाटेल?” असे विचारले, तर पुष्कळदा खरे कारण आपण होऊन बाहेर येते.

या सर्व लहान कारणांच्या मुळाशी एक मोठे कारण असते. कोठे जायचे, केव्हा निघायचे, काय पाहायचे, किती वेळ थांबायचे, हे सारे ठरून गेलेले असते. मुलाने फक्त गाडीत बसायचे असते. घरातील ट्रंक आणि वळकटी यांचेही तसेच असते. त्यांना कोणी विचारीत नाही. उचलून गाडीत ठेवतात आणि मुक्कामाला उतरवून घेतात. लहान मुलाला असे उचलून नेलेले चालते. परंतु ज्याला स्वतःची आवड कळू लागली आहे, त्याला आपण सोबती आहोत की सामान, असा प्रश्न पडतो. त्याचा नकार हा बहुधा प्रवासाला नसतो; ज्या बेतात आपल्याला वाटा नाही, त्या बेताला असतो.

हुकमाने घडविलेल्या प्रवासाची एक मोठी गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. सुलतान मुहम्मद तुघलक याने १३२७ मध्ये देवगिरीला दौलताबाद असे नाव देऊन तेथे राजधानी नेण्याचे ठरविले आणि दिल्लीतील अनेक कुटुंबांना इतक्या दूर दक्षिणेत येण्याचा हुकूम केला. बेत कागदावर वाईट नव्हता. राज्याच्या मध्याजवळ राजधानी असावी, हा विचार शहाणपणाचाच होता. पण ज्यांनी घरदार सोडून चालत यायचे, त्यांना कोणी विचारले नव्हते. काही वर्षांतच तो बेत मोडला आणि लोकांना दिल्लीला परतण्याची मोकळीक द्यावी लागली. चांगला बेतही केवळ हुकमाच्या जोरावर तडीस जात नाही, हेच यावरून दिसते.

याउलट आषाढी वारीकडे पाहावे. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची वाट कित्येक दिवसांची. ऊन, पाऊस आणि चिखल यांतून पायी चालायचे. तरीही वारकऱ्याला कोणी ओढून नेत नाही. दिंडीत एकाच्या गळ्यात वीणा असते, दुसऱ्याच्या हाती टाळ असतात, कोणाच्या खांद्यावर पताका, तर कोणा माउलीच्या डोक्यावर तुळशीवृंदावन असते. कोणी पुढे जाऊन मुक्कामाची सोय करतो, कोणी चूल पेटवितो. तेथे प्रत्येकाकडे काही तरी सोपविलेले असते, म्हणून प्रत्येकाला ती वाट आपली वाटते. भक्तीचे बळ तर मोठे आहेच. पण दिंडीत निव्वळ ओझे म्हणून कोणी चालत नाही, ही गोष्टही विसरण्यासारखी नाही.

हेच तत्त्व घरच्या सहलीला लावले तर काय होईल? समजा, पुण्यात राहणारे एक कुटुंब आहे. घरात पंचाहत्तरी ओलांडलेली आजी, आईवडील, चौदा वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा. मुलीला मैत्रिणींना सोडून जाणे जिवावर आले आहे आणि मुलाला गाडी लागते. वडिलांनी यंदा हुकूम सोडला नाही. एका रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी सर्वांना बसविले आणि आधी पैशांची गोष्ट स्पष्ट सांगितली : खर्चाला इतके रुपये आहेत, रजा पाच दिवसांची आहे आणि आजीला फार चढण झेपणार नाही. या तीन गोष्टी बदलता येणार नाहीत; बाकीचे सर्वांनी मिळून ठरवायचे.

मुलगा प्रथम काश्मीर म्हणाला. त्याला कोणी हसले नाही. कागद-पेन्सिल त्याच्याच हाती देऊन जाण्यायेण्याचा खर्च आणि लागणारे दिवस लिहायला सांगितले. दहा मिनिटांनी त्याने स्वतःच काश्मीरवर काट मारली. मोठ्यांनी नाही म्हटले असते तर तो रुसला असता. आकड्यांवर कोणाला रुसता येत नाही. अखेर मालवणचा किनारा, माथेरान आणि वेरूळ-अजिंठा यांपैकी वेरूळ-अजिंठ्यावर सर्वांचे एकमत झाले. तेही एका अटीवर : प्रत्येकाने आपल्या आवडीची एक गोष्ट निवडायची आणि इतरांनी ती कुरकुर न करता पाहायची. आजीने वेरूळजवळचे घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग निवडले. वडिलांनी कैलास लेणे निवडले. चित्रकलेची आवड असलेल्या मुलीने अजिंठा मागितला; तेथील भिंतींवर जातककथा चित्रांतून सांगितल्या आहेत, हे तिने वाचले होते. मुलाने देवगिरीचा किल्ला मागितला, कारण त्या किल्ल्यात शत्रूला चकविण्यासाठी केलेला अंधारी नावाचा वळणावळणाचा काळोखा मार्ग आहे. आई म्हणाली, “मला एक अख्खी दुपार हवी. त्या दुपारी कोठे जायचे नाही, काही बांधायचे-सोडायचे नाही.” हे ऐकून सर्व क्षणभर गप्प झाले, आईलाही सुट्टी लागते, हे त्या घरात प्रथमच कोणाच्या ध्यानात आले असावे.

नंतर कामांची वाटणी झाली. मुलीकडे एस.टी.चे भाडे आणि रोजचे वेळापत्रक आले. चौकशी करता तिला कळले की, ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना राज्यात एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला आहे, मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे भाडे पडते आणि बारा वर्षांखालील मुलांनाही अर्धेच तिकीट असते. तिने हिशेब मांडला : वडिलांचे एक तिकीट, आई, ती स्वतः आणि भाऊ यांचे अर्धे-अर्धे, आजीचे शून्य. पाच माणसांचा प्रवास अडीच तिकिटांत! शिवाय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नसते, हेही तिने शोधले. वाचलेल्या पैशांतून कोणाला काय घेता येईल, याची चर्चा त्या रात्री बराच वेळ रंगली.

मुलाकडे नकाशा आला. पुण्याहून छत्रपती संभाजीनगर सुमारे २३५ किलोमीटर. तेथून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर आणि देवगिरी त्याच वाटेवर. अजिंठा मात्र दुसऱ्या दिशेला, सुमारे १०० किलोमीटर. वडिलांनी सहज म्हटले होते की, रविवारी निघून सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ पाहू. नकाशा पाहता पाहता मुलाने लेण्यांच्या वेळाही पाहिल्या आणि तो एकदम ओरडला, “बाबा, अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी!” ठरल्याप्रमाणे गेले असते, तर दोन्ही ठिकाणी बंद दारे पाहून परतावे लागले असते. उपाय सोपा होता. दोन दिवसांची अदलाबदल करायची. पण ज्याने तो सुचविला, त्याला आता प्रवासाचा कंटाळा कसा येणार? त्याच रात्री त्याने आजीच्या कानात आपली खरी अडचणही सांगितली. त्याच्यासाठी पुढचे, खिडकीजवळचे आसन राखले गेले आणि आजीने आवळासुपारीची डबी पिशवीत टाकली.

सोमवारी कैलास लेण्यासमोर उभे राहिल्यावर कोणाला काही समजावून सांगण्याची गरज पडली नाही. इतर मंदिरे पायापासून वर बांधीत जातात. हे मंदिर आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात डोंगरातून वरून खाली कोरून काढले. येथे कळस आधी झाला आणि पाया शेवटी. एक घाव चुकला तर दगड पुन्हा जोडता येत नाही, हे मनात आले की कोरणाऱ्यांच्या धीराचे आश्चर्य वाटते. घृष्णेश्वराचे दर्शन घेऊन देवगिरीला पोहोचल्यावर आजी आणि आई पायथ्याशी सावलीत बसल्या. अंधारीतून जाताना वर वटवाघळे फडफडली, तेव्हा विजेरी धरून पुढे चालणाऱ्या मुलाने मागे वळून बहिणीचा हात धरला. घरी ही दोन भावंडे दिवसातून चार वेळा भांडत असत.

मंगळवारचा दिवस मात्र बेताप्रमाणे गेला नाही. वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर अजिंठ्याची तीस लेणी आहेत. मुलीने त्यांच्यासाठी दोन तास राखले होते. पण फाट्यावर उतरून लेण्यांकडे जाणारी दुसरी बस घ्यावी लागते, पायऱ्या चढाव्या लागतात आणि आजीच्या चालीने चालावे लागते, हे तिच्या हिशेबात नव्हते. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी पाहून झाला, सतराव्या लेण्यातील जातकांची चित्रे पाहून झाली, आणि परतीच्या एस.टी.ची वेळ झाली. सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची प्रचंड बुद्धमूर्ती पाहायची राहून गेली. ती पाहण्याची सर्वांत जास्त इच्छा तिचीच होती. तिचे डोळे भरून आले. वडिलांनी तिला बोल लावला नाही. आजी एवढेच म्हणाली, “अगं, थोडे राहिले तरच माणूस पुन्हा येतो.” मुलीने त्या रात्री वहीत लिहून ठेवले : पुढच्या वेळी चार तास. दरवर्षी वडिलांच्या बेतात काही चुकले की तोंड फुगविणाऱ्या त्या मुलीला बेत आखणे किती अवघड असते, हे त्या दिवशी कळले. बुधवारी आईची दुपार सर्वांनी पाळली. चहासुद्धा दोघा भावंडांनी खालून आणून दिला.

यावर कोणी म्हणेल की, मुलांना एवढे विचारीत बसलो तर घरात मोठ्यांचे मोठेपण ते काय राहिले? ही शंका रास्त आहे. पण विचारणे म्हणजे प्रत्येक मागणी मान्य करणे नव्हे. पैसे किती खर्चावेत, सुरक्षित काय आणि धोक्याचे काय, आजारी माणसाला काय सोसेल, हे मोठ्यांनीच ठरविले पाहिजे. समुद्राला भरती असताना पोहायचे की नाही, हा मतदानाचा विषय होऊ शकत नाही. मात्र मर्यादा आखून दिल्यावर त्यांच्या आत मुलांना खरा वाटा दिला पाहिजे. निर्णय आधीच घेऊन नंतर मत विचारण्याचे नाटक मुले ताबडतोब ओळखतात आणि मग पुढच्या वेळी खरेच विचारले तरी बोलत नाहीत. कधी कधी वाटा देऊनही मूल खुलत नाही, हेही खरे आहे. प्रवासातला थोडा वेळ त्याचा एकट्याचा असू द्यावा. पुस्तक वाचीत तासभर कोपऱ्यात बसलेल्या मुलाला दर पाच मिनिटांनी “ते बघ, हे बघ” म्हणून हलवू नये.

परंतु वाटा मागणाऱ्यावरही जबाबदारी येते. नुसते “नको” म्हणणे सर्वांत सोपे असते. त्याने काहीच ठरत नाही. ज्याला एक जागा नको असेल, त्याने दुसरी सुचवावी आणि तिचा खर्चही मांडून दाखवावा. जी गोष्ट बोचत असेल, ती रुसव्याआड न लपविता घरातील एका तरी माणसाला सांगावी. न सांगितलेले दुखणे वैद्यालाही कळत नाही. आपल्या आवडीच्या ठिकाणी इतरांनी उत्साह दाखवावा असे वाटत असेल, तर इतरांच्या आवडीच्या ठिकाणीही आपले तोंड आंबट असू नये. आणि आपण आखलेला बेत चुकला, तर ती चूक आपली म्हणून पदरात घ्यावी.

या गोष्टीची निकड आणखी एका कारणाने आहे. चौदा वर्षांची मुलगी चार वर्षांनी शिक्षणासाठी परगावी जाईल. मागोमाग धाकटाही जाईल. आजीचे गुडघे दरवर्षी थोडे अधिक कुरकुरतील. सर्व घर मिळून एका गाडीतून जाईल, अशा सुट्ट्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरलेल्या असतात, आणि त्या मोजक्या आहेत हे त्या वेळी कोणाच्याच लक्षात येत नाही. लेणी हजारांहून अधिक वर्षे उभी आहेत. ती आणखीही राहतील. पण आजीच्या चालीने पायऱ्या चढण्याची संधी तशी राहत नाही.

म्हणून या दिवाळीत घरात पुन्हा तो प्रश्न निघाला आणि कोणी गप्प बसले, तर मोठ्यांनी त्याच्यासमोर नकाशा पसरावा. आणि गप्प बसणाऱ्यानेही मान वर करून त्या नकाशावर एक तरी बोट ठेवावे. ज्याने बोट ठेवले, तो सामान राहिला नाही. तो सोबती झाला.